बेल्ट सँडरने जुनं सागवानी टेबल घासताना: आधी काय, मग काय, आणि हात कुठे चुकतो

टेबलाच्या मधोमध वाटीसारखा खळगा. कडा गोल झालेल्या. एका टोकाला पट्ट्याच्या रुंदीएवढी आडवी खाच. घरी पहिल्यांदा बेल्ट सँडर चालवलेल्या माणसाचं काम बघायला गेलं की यातलं काही ना काही दिसतंच. कधी त्याहून वाईट दिसतं, बोटाच्या पेरावरची साल गेलेली असते.

एक समज आधी पक्का हवा. बेल्ट सँडर, म्हणजे खाली खरखरीत पेपरचा पट्टा फिरणारी मशीन, घासायची मशीन म्हणून विकली जाते, पण तिचं वागणं रंध्याच्या जवळचं आहे. ती लाकूड काढते आणि फार वेगाने काढते. घरगुती मशीनचा पट्टाही मिनिटाला २०० मीटरच्या वर पळतो, म्हणजे सेकंदाला तीन मीटरहून जास्त. तुम्ही दोन सेकंद एका जागी थबकलात तर सहा-सात मीटर खरखरीत पेपर त्याच जागेवरून गेलेला असतो. म्हणून या कामातला मोठा भाग प्लग लावण्याआधीचा आहे, आणि लोक नेमका तोच उरकून टाकतात.

सोयीसाठी एक ठरावीक काम समोर धरू: पाच फूट बाय अडीच फुटांचं, फळ्या जोडून केलेलं सागवानी टेबल. फळी साधारण इंचभर जाड, वर जुनं काळवंडलेलं पॉलिश, मध्ये कपांचे डाग, एक-दोन फळ्या किंचित वर-खाली. बेल्ट सँडरसाठी याहून योग्य काम घरात क्वचित असतं.

१. हे काम या मशीनचं आहे का, ते ठरवा

टेबलाची कड खालून नीट बघा. वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरत असतील तर लाकूड भरीव आहे. कडेला वेगळी पट्टी ठोकलेली दिसली किंवा एकावर एक थर दिसले, तर ते प्लायवूडवर चिकटवलेलं विनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, असणार. विनिअरची जाडी बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. बेल्ट सँडर ती एका फेरीत फाडून खालचा प्लाय उघडा पाडतो आणि त्यावर इलाज नाही. विनिअर असेल तर मशीन बाजूला ठेवा आणि १८० नंबरचा पेपर (नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक) लाकडी ठोकळ्याला गुंडाळून हाताने घासा.

कोरीव काम, खुर्चीचे गोल पाय, देव्हाऱ्याची नक्षी, सनमायका, भिंतीची लांबी (पुट्टी) यांतलं काहीही या मशीनचं काम नाही.

दोन ठिकाणी लोक हमखास फसतात.

पहिलं, जुना ऑइलपेंट. भारतात घरगुती रंगांमधल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६ साली आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगात, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या छटांत, शिसं भरपूर असू शकतं. वाड्यातली हिरवी दारं, निळ्या खिडक्या, रंगवलेली जुनी कपाटं बेल्ट सँडरने घासली तर ते शिसं पिठासारखं बारीक होऊन घरभर बसतं. लहान मुलांच्या मेंदूला त्याने होणारी इजा भरून येत नाही. असा रंग पेंट रिमूव्हर लावून, ओला असतानाच पत्र्याने खरवडून काढावा. मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवशी घराबाहेर पाठवावं आणि खरवड पिशवीत बंद करावी. मी स्वतः जुन्या रंगाला मशीन लावत नाही, आणि तुम्हीही लावू नका असंच सांगेन.

दुसरं, पावसाळ्यात अडकणारं दार. जुलैत दार चौकटीत घट्ट बसलं की कड घासून टाकायची घाई होते. लाकूड तेव्हा ओलाव्याने फुगलेलं असतं. डिसेंबरात ते आकसतं आणि दाराच्या कडेने बोट जाईल एवढी फट पडते. शिवाय ओलं लाकूड घासताना पट्ट्यात चिखलासारखं भरतं. दाराची कड कोरड्या दिवसांत बघा. पावसाळ्यात फारच अडत असेल तर कडेला मेण चोळून वेळ निभावून न्या.

२. मशीन आणि पट्टा तयार करा

घरकामाला ७५ मिलिमीटर रुंद पट्ट्याची मशीन पुरे. १०० मिलिमीटरची मशीन सुतारखान्यासाठी ठीक आहे. तिचं वजन पाच-सहा किलोच्या घरात जातं आणि हात बसलेला नसेल तर ती माणसाला ओढत नेते. वेग कमी-जास्त करायचं चक्र असलेलीच मशीन घ्या किंवा भाड्याने आणा. नवख्यासाठी ते चक्र फार मोलाचं आहे.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने मशीन आणली असेल तर तिच्यावरची पाटी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. तिथली मशीन बहुतेक १२० व्होल्टची असते आणि आपल्याकडे २३० व्होल्ट येतात. नुसता पिन बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. मशीन क्षणभर भयानक वेगाने फिरेल आणि जळेल.

पट्टा विकत घेताना मशीनवर लिहिलेलं माप घेऊन जा. ७५ बाय ४५७ आणि ७५ बाय ५३३ ही दोन्ही मापं बाजारात आहेत आणि एकाचा पट्टा दुसऱ्याला बसत नाही. आपल्या टेबलासाठी ६०, ८० आणि १२० नंबरचे पट्टे लागतील. प्रत्येकी दोन घ्या, कारण सागवान तेलकट असतं आणि पट्टा लवकर भरतो. ४० नंबरचा पट्टा घरात आणूच नका. त्याने काम लवकर होतं हे खरं, पण त्याचे ओरखडे काढण्यात वाचलेला सगळा वेळ परत जातो.

पट्टा बसवण्याचा क्रम असा:

१) प्लग काढा. स्विच बंद आहे एवढं पुरत नाही, प्लग सॉकेटच्या बाहेर हवा.

२) बाजूची खिट्टी ओढून ताण सैल करा, जुना पट्टा काढा. रोलरवर आणि खालच्या पत्र्यावर साचलेला भुसा ब्रशने झाडा. तिथे एक खडा राहिला तरी पूर्ण टेबलावर रेघ उमटत राहते.

३) नव्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला बाण छापलेला असतो. मशीनच्या अंगावरही बाण असतो. दोन्ही एकाच दिशेला यायला हवेत. उलटा बसवला तर पट्ट्याचा जोड उखडतो. बाण नसलेले, दोन्हीकडून चालणारे पट्टेही मिळतात.

४) ताण परत द्या. मशीन उलटी घट्ट धरून प्लग लावा आणि क्षणभर चालवून बंद करा. पट्टा बाहेर सरकत असेल तर बाजूचं बटण अगदी थोडं फिरवा, पुन्हा क्षणभर चालवा. पट्टा रोलरच्या मधोमध स्थिर धावेपर्यंत हे करत राहा.

तपासा: पट्टा वर्षभरापेक्षा जुना आहे का? कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत दोन पावसाळे काढलेल्या पट्ट्याच्या जोडाचा गोंद कमकुवत होतो. जोडाच्या दोन्ही बाजूंना धरून ओढून बघा. जोड जरा जरी उकलला तर तो पट्टा कापून त्याचे तुकडे हाताने घासायला वापरा. चालत्या मशीनवर तुटलेला पट्टा चाबकासारखा हातावर बसतो.

३. जागा आणि वीज

खोलीच्या आत हे काम करू नका. अंगण, गच्ची, पार्किंग किंवा निदान उघडी गॅलरी हवी. गॅलरीत करत असाल तर घरात उघडणारं दार बंद करा आणि खालच्या फटीत ओलं फडकं कोंबा. आजूबाजूला वाळत घातलेले कपडे, पापड, धान्य असेल तर शेजाऱ्यांना आधी सांगा. सोसायटीत दुपारच्या झोपेची वेळ टाळावी. ही मशीन मिक्सरपेक्षा बरीच जोरात ओरडते.

वीज घेताना चार गोष्टी बघा. मातीचा, म्हणजे अर्थिंगचा, तिसरा पिन चालू असलेला सॉकेट. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच. तिचं टेस्ट बटण दाबलं की ती लगेच पडली पाहिजे. नुसती एमसीबी शॉकपासून वाचवत नाही, ती जादा करंटसाठी असते. तिसरी गोष्ट एक्स्टेंशन बोर्डची. टीव्हीला वापरतो ती बारीक वायर इथे चालत नाही. १.५ चौरस मिलिमीटरची तीनपदरी वायर घ्या आणि गुंडाळी पूर्ण उलगडा, कारण गुंडाळलेली वायर भार आल्यावर तापते. चौथी गोष्ट, मशीनची वायर खांद्यावरून पाठीमागे सोडा. जमिनीवर किंवा टेबलावर पडलेली वायर पट्ट्याखाली येणं हा या मशीनचा नेहमीचा अपघात आहे.

इशारा: या मशीनच्या मुठीजवळ स्विच दाबलेला ठेवणारं एक छोटं बटण असतं. मागच्या वेळी ते दाबलेलं राहिलं असेल आणि तुम्ही मशीन टेबलावर ठेवून प्लग लावलात, तर ती स्वतःच टेबलावरून पळत सुटते आणि समोरच्याच्या पायावर पडते. प्रत्येक वेळी प्लग लावण्याआधी स्विच एकदा दाबून सोडा. तो टचकन बाहेर यायला हवा. सुरुवातीचे काही महिने हे लॉक बटण वापरूच नका.

४. अंगावर काय हवं, काय नको

भुशाबद्दल लोक निष्काळजी असतात, कारण लाकूड नैसर्गिक वाटतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या भुशाला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. नाक आणि त्याभोवतालच्या पोकळ्यांचा कर्करोग हा त्यातला मुख्य धोका. तो वर्षानुवर्षं भुशात काम करणाऱ्यांना जास्त, हे खरं. पण सागवान आणि शिसवीचा भुसा एका दिवसातही त्रास देऊ शकतो. अंगाला खाज सुटते, डोळे चुरचुरतात, दमा असलेल्याचा दमा उसळतो. तोंडाला बांधलेला रुमाल आणि करोनाच्या दिवसांतला निळा सर्जिकल मास्क यांतून बारीक भुसा सरळ आत जातो. एन-९५ दर्जाचा मास्क घ्या आणि नाकावरची पट्टी दाबून बसवा. मास्कच्या कडेखाली दाढी आली की फट राहते.

डोळ्यांना बाजूंनी बंद असलेला गॉगल. नेहमीचा चष्मा त्याची जागा घेत नाही. कानांना इअरमफ किंवा फोमचे बोळे.

कपडे अंगाबरोबर बसणारे हवेत. ओढणी, साडीचा पदर, लुंगी, सैल बाह्यांचा कुर्ता, गळ्यातली लोंबती माळ, कानातला लांब डूल, हातातल्या बांगड्या, कडं, दोरा हे सगळं काढून किंवा बदलून मगच मशीनजवळ या. केस बांधून टोपीखाली. सैल सुती हातमोजे घालू नका. त्यांचा धागा रोलरमध्ये गेला तर बोटही मागोमाग जातं. पायात बंद बूट.

५. टेबल तयार करा आणि जागचं हलू देऊ नका

आधी लोखंड शोधा. जुन्या टेबलात बारीक चुका (छोटे खिळे), मोडलेले खिळे, कधी पत्र्याची ठिगळं असतात. बोटाने चाचपा, मग घरातला लोहचुंबक पृष्ठभागावरून हळूहळू फिरवा. डोकं वर असेल तर अंबुराने उपटा, निघत नसेल तर सुंब्याने (खिळ्याच्या डोक्यावर धरून ठोकायच्या लोखंडी दांडीने) दोन मिलिमीटर आत ठोका. पट्टा खिळ्यावर गेला की दोन गोष्टी होतात: पट्टा फाटतो आणि ठिणगी उडते. ती ठिणगी भुशाच्या पिशवीत शोषली गेली तर आत धुमसत राहते.

पॉलिश जाड आणि चिकट असेल तर ते मशीनने काढायला जाऊ नका. लाखेचं पॉलिश उष्णतेने मऊ होतं आणि दोन मिनिटांत पट्टा डांबर लावल्यासारखा करून टाकतं. पत्र्याने खरवडा किंवा स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसून काढा. स्पिरिट वापरलंत तर टेबल पूर्ण वाळू द्या आणि बाटली, फडकी दूर नेऊन ठेवा. मशीनच्या मोटरमध्ये ठिणग्या होतातच.

आता टेबल रोखायचं. इथे बहुतेक जण दिशा उलटी समजतात, म्हणून नीट बघा. पट्ट्याचा खालचा भाग मशीनच्या पुढून मागे जातो. त्यामुळे मशीन पुढे पळू बघते आणि लाकूड मागे, तुमच्याकडे, फेकलं जातं. म्हणजे अडसर लाकडाच्या पुढे लावून उपयोग नाही, तो मशीनच्या शेपटीच्या बाजूला हवा. तुम्ही टेबलाच्या लांब बाजूला उभे आहात आणि मशीनचं तोंड डावीकडे आहे, तर टेबलाचं उजवं टोक भिंतीला भिडवा. मध्ये गोणपाटाची घडी ठेवा म्हणजे भिंत खरचटणार नाही. चारही पायांखाली रबरी पायपुसण्याचे तुकडे घाला.

सुटी फळी घासायची असेल तर ती पक्क्या बाकावर ठेवून मागच्या टोकाला फळीपेक्षा पातळ पट्टी स्क्रूने बसवा. क्लॅम्प लावायचे तर ते पट्ट्याच्या वाटेत येणार नाहीत असे लावा. आणि लहान तुकडा एका हातात धरून दुसऱ्या हाताने मशीन चालवणं, हे कुणी कितीही सफाईने करताना दिसलं तरी करू नका. माझ्या ओळखीतल्या एका अनुभवी सुताराच्या अंगठ्याचं नख असंच गेलं. वीतभर लांबीची फळी होती, आणि काम म्हणे अर्ध्या मिनिटाचं होतं.

तपासा: टेबलाला दोन्ही हातांनी, अंगाचा जोर लावून, सगळ्या बाजूंनी ढकला. जरा जरी सरकलं तरी आधी ते दुरुस्त करा.

६. घासायला सुरुवात

६० नंबरचा पट्टा, वेगाचं चक्र मधल्या खुणेच्या खाली. पहिली पाच मिनिटं टाकाऊ फळकुटावर घालवा. मशीन कशी ओढते ते हाताला कळलं पाहिजे.

पाय खांद्याएवढे फाकवून उभे राहा, एक पाय किंचित मागे. मागची मूठ एका हाताने घट्ट. पुढच्या मुठीवरचा हात फक्त दिशा देण्यासाठी आहे, दाबण्यासाठी नाही.

टेबलाला न टेकवता मशीन सुरू करा. पट्टा पूर्ण वेगात आला की मशीन सरकत ठेवूनच, सपाट, अलगद टेकवा. विमान धावपट्टीवर उतरतं तसं. मशीन टेबलावर ठेवून मग स्विच दाबला की ती झटका देऊन पुढे उडी मारते आणि पहिल्याच क्षणी खाच पडते. उचलतानाही हाच नियम: आधी सरकत असतानाच उचला, मग स्विच सोडा, पट्टा थांबेपर्यंत हातात धरा, आणि मग खाली ठेवा. पट्टा स्विच सोडल्यावरही थोडा वेळ फिरत असतो.

मशीन लाकडाच्या रेषेच्या दिशेने न्या, हात पोचेल तेवढीच लांब फेरी. पाच फुटांचं टेबल एका जागी उभं राहून घासता येत नाही, त्याचे दोन भाग करा. पण दोन भागांच्या मधली सीमा दर वेळी थोडी पुढे-मागे ठेवा, नाहीतर तिथे ओळ दिसते. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर पट्ट्याच्या निम्म्या रुंदीएवढी चढवा. वळताना टोकाला थबकू नका. नवख्यांचे खळगे बहुतेक तिथेच पडतात, कारण दिशा बदलताना हात अर्धा सेकंद थांबतो.

दाब देऊ नका. मशीनचं अडीच-तीन किलो वजन पुरेसं आहे. दाबल्याने वेग वाढत नाही, पट्टा तापतो, लाकडाचं तेल वितळून पेपरच्या दाण्यांत भरतं, आणि पुढचं टोक खाली झुकून खड्डा करतं. दाबावंसं वाटू लागलं याचा अर्थ पट्टा भरलाय किंवा बोथट झालाय. मशीन बंद करून बघा. पट्टा काळा-चकचकीत दिसत असेल तर क्रेप रबरचा ठोकळा चालत्या पट्ट्यावर टेकवा, भरलेला भुसा सुटून येतो. ठोकळा हातभर लांब असावा. क्रेपच्या जुन्या चपलेचा तळही याला छान चालतो.

फळ्या वर-खाली असतील तर पहिली एक-दोन पूर्ण आवर्तनं रेषेला साधारण तिरकी घ्या, एकदा डावीकडून तिरकी, एकदा उजवीकडून. वर आलेल्या फळ्या त्याने लवकर बसतात. मात्र त्यानंतर त्याच ६० नंबरने सरळ रेषेत घासून ते तिरके ओरखडे पूर्ण जाईपर्यंत पुढचा पट्टा लावू नका.

डाग दिसला की तेवढाच घासायचा मोह होतो. काळा डाग जात नाही म्हणून त्याच जागेवर दहा वेळा मशीन फिरते आणि तिथे बशी तयार होते. डाग खोल असेल तर पूर्ण टेबल त्या खोलीपर्यंत उतरवायला हवं, किंवा डाग राहू द्यायला हवा. जुन्या सागवानावर एखादा डाग राहिला तर मला तो खुपत नाही. खळगा मात्र पॉलिश केल्यावर उजेडात दहापट उठून दिसतो.

तपासा: जुनं पॉलिश निघाल्यावर टेबलभर पेन्सिलने हलक्या वाकड्यातिकड्या रेघा मारा. पुढच्या आवर्तनात त्या सगळीकडे सारख्या पुसल्या गेल्या पाहिजेत. जिथे राहिल्या तिथे खोलगट आहे, जिथे आधी गेल्या तिथे उंचवटा. मग स्टीलची लांब फूटपट्टी उभी ठेवून पलीकडून टॉर्च मारा. उजेड जिथून झिरपतो ती जागा लक्षात ठेवा.

दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबा. हातांना मुंग्या येऊ लागल्या तर त्याआधीच. बोटं बधिर झाली की पकड किती ढिली पडली ते कळत नाही. याच वेळी भुशाची पिशवी रिकामी करा, निम्मी भरली तरी.

७. कडा आणि टोकं

टेबलाच्या टोकाशी मशीन पट्ट्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त बाहेर नेऊ नका. निम्मी बाहेर गेली की ती स्वतःच्या वजनाने झुकते आणि कड गोल करते. भरवसा वाटत नसेल तर टेबलाच्या दोन्ही टोकांना त्याच उंचीची फळकुटं क्लॅम्पने लावा. गोल व्हायचं ते त्या फळकुटांचं होईल.

फळीची उभी अरुंद कड या मशीनने घासणं कठीण आहे. रुंद पट्टा इंचभर कडेवर डुलतो आणि कड तिरकी होते. ती हाताने, ठोकळ्याला पेपर गुंडाळून करा. टेबलाची टोकाची बाजू, जिथे लाकडाचे आडवे छेद दिसतात, तीही हातानेच.

८. पट्ट्याचा नंबर बदलताना

६० वरून ८०, मग १२०. मधला नंबर गाळून थेट ६० वरून १२० वर गेलात तर खोल ओरखडे तसेच राहतात, फक्त त्यांच्या भोवतीचं लाकूड गुळगुळीत होतं. पॉलिशचा पहिला हात बसला की ते बाहेर येतात. प्रत्येक बदलाआधी टेबल ब्रशने आणि किंचित ओलसर फडक्याने स्वच्छ पुसा. मागच्या पट्ट्याचा एक दाणा पुढच्या पट्ट्याखाली आला तरी नवी रेघ पडते. टेबल वाळू द्या, पेन्सिलच्या रेघा पुन्हा मारा. वेग आता वाढवला तरी चालेल.

१२० नंतर बेल्ट सँडरचं काम संपलं. पुढचं १५० आणि १८० नंबर छोट्या ऑर्बिटल सँडरने (तळ बारीक गोल फिरवत घासणाऱ्या मशीनने) किंवा हाताने, रेषेच्या दिशेने. बेल्ट सँडरवरच १८० लावून गुळगुळीत करायला गेलं तर लाकूड तापून काळपट चट्टे येतात.

९. चालू असताना काही बिघडलं तर

पट्टा एका बाजूला सरकून मशीनच्या अंगाला घासू लागला: उचला, बंद करा, प्लग काढा, मग बटण फिरवा. चालत्या पट्ट्याला बोटाने सरळ करू नका.

जळका वास आला: आधी पिशवी बघा. आत ऊब किंवा धूर वाटला तर पिशवी काढून मोकळ्या जागेत न्या आणि पाण्यात बुडवा. पिशवी थंड असेल आणि मोटरच्या फटींतून मोठ्या निळ्या ठिणग्या दिसत असतील तर मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेत. ते बदलेपर्यंत मशीन वापरू नका.

वायर कापली गेली: मशीनला हात न लावता आधी बोर्डावरचं बटण बंद करा, प्लग काढा. टेप गुंडाळून काम पुढे रेटू नका.

खळगा पडलाच: त्यातच घासत राहू नका. खळग्याभोवती वीत-दीड वीत रुंद भाग तिरक्या फेऱ्यांनी हळूहळू उतरवा, मग रेषेत. खळगा एक मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर पूर्ण टेबल उतरवायचं की नाही हे फळीची जाडी बघून ठरवा. फळ्यांचे सांधे आतून बारीक खिळ्यांनी धरलेले असतील तर फार खाली जाता येत नाही.

१०. आवरताना

प्लग काढा, मग बाकीचं. मास्क अजून उतरवू नका, कारण झाडताना हवेत सगळ्यात जास्त भुसा उडतो. कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसा. भुसा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा, वर थोडं पाणी शिंपडा आणि डबा रात्रभर घराबाहेर ठेवा. पॉलिशमिश्रित भुसा बंबात किंवा शेकोटीत घालू नका. त्याच मशीनने कधी लोखंडी गज किंवा गेट घासणार असाल तर आधी पिशवी काढून मशीन पूर्ण झाडा, कारण जुना भुसा आणि नव्या ठिणग्या एकत्र आल्या की आग लागते. टेबलाला जवसाचं तेल लावणार असाल तर ती तेलकट फडकी चुरगळून ठेवू नका. बोळा केला की ती आपोआप तापून पेट घेतात. उघडी पसरून बाहेर वाळवा.

पट्ट्याचा ताण सैल करून मशीन ठेवा. उरलेले पट्टे दुमडू नका, घडी पडली की पट्टा तिथेच तुटतो. पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर अडकवून, कोरड्या कपाटात, जमिनीपासून वर. पावसाळ्याआधी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि पिशवीवर खरेदीचा महिना लिहा. कपडे झटकून घराबाहेरच काढा, आंघोळ करा आणि मगच पोरांना जवळ घ्या.